थांबव, आणि विचार

अरे,

रविवारी आलास आणि चहा निवत ठेवून मोबाइलमधले इतिहासाचे व्हिडिओ दाखवत राहिलास. चाळीस तरी असतील. "बाई, यातला कुठला लावू?" हे चारदा विचारलंस. खरं दुखणं मात्र जिन्यात चपला घालताना बोललास: व्हिडिओ नसला तर आठवीची मुलं ऐकत नाहीत, आणि लावला की मला वर्गात कामच उरत नाही. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. यादीतला कुठला लावायचा ते मी सांगणार नाही, पुन्हा विचारूही नकोस.

व्हिडिओ थांबव. पाच मिनिटांचा असेल तर तीनदा थांबव आणि दर वेळी मुलांना एकच प्रश्न विचार: हे यांना कसं कळलं?

शनिवारवाडा संगणकावर उभा केलेला तो व्हिडिओ तू फार कौतुकानं दाखवलास. झुंबरं, कारंजी, वरचे मजले. सुरेख आहे. पण वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आपल्या मुलांनी पाहिलेत ते तट, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती. मग वरच्या मजल्याच्या खिडक्या कशावरून काढल्या? तिथे थांबव. कुणी म्हणेल जुनी चित्रं असतील, कुणी म्हणेल मनानंच काढलं. म्हणू दे. उत्तर देण्याची घाई करू नकोस. ती सवय तुला माझ्या वर्गात होतास तेव्हापासून आहे.

महाराजांचं चित्र आलं की थांबव. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून मिळवलेलं चित्र १९३३ साली लोकांपुढे आणलं. त्याआधी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं आणि लोक भक्तिभावानं त्याला हात जोडत होते. हे ऐकल्यावर वर्ग जसा गप्प होतो तसा कुठल्याही पार्श्वसंगीतानं होत नाही. आता तर यंत्रानं बनवलेले चेहरे या मुलांच्या फोनवर रोज येतात. चेहरा कुठून आला हे विचारायला त्यांना तुझ्याखेरीज कोण शिकवणार आहे?

आणि पुणे करार! येरवड्यात झालेला, आपल्या गावचा. तुझ्या व्हिडिओत तो वीस सेकंदांत उरकलाय, मागे व्हायोलिन. आवाज बंद कर आणि फळ्यावर दोन आकडे लिही, ७१ आणि १४८. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यानं प्रांतिक कायदेमंडळांत दलितांना ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, म्हणजे त्या जागांवरचे प्रतिनिधी फक्त दलितांनी निवडायचे. २४ सप्टेंबर १९३२ च्या करारानं राखीव जागा १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले, म्हणजे ते सगळ्यांनी मिळून निवडायचे. जागा दुपटीहून वाढल्या, तरी बाबासाहेबांना तो करार का खुपत राहिला? मुलांना मतदारसंघ कळत नाही म्हणतोस ना? मग वर्गातल्या मुलींचा प्रतिनिधी फक्त मुलींनी निवडायचा की सगळ्या वर्गानं, एवढंच विचार. पुढचा तास मुलं घेतील.

हा हट्ट मला सहज मिळालेला नाही. पुण्यात १९८४ साली शाळेच्या मुलांसाठी टीव्हीचे कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी सुरू झाली तेव्हा मी नोकरीत नवी होते. पडद्यावर धडा दिसणार म्हणून हरखून गेले होते, आणि ते हरखणं पुढे बरीच वर्षं टिकलं. १९९८ च्या जुलैत मला पानशेतच्या पुरावरची एक कॅसेट मिळाली. घरचा व्हीसीआर रिक्षातून शाळेत नेला, खिडक्यांना चादरी लावल्या. मध्येच एक मुलगी उभी राहिली. "बाई, माझी आजी म्हणते खडकवासल्याचं धरण फुटलं. हे तर पानशेत म्हणतायत." मी म्हटलं, आजी विसरल्या असतील, खाली बस. तास संपायला बारा मिनिटं होती आणि मला कॅसेट पुरी करायची होती.

१२ जुलै १९६१ ला दोन्ही धरणं फुटली. आधी पानशेत, मग त्या लोंढ्यानं खडकवासला. आजींनी ते पाणी नारायण पेठेत डोळ्यांनी पाहिलं होतं. साक्षीदार शाळेपासून दहा मिनिटांवर राहत होता, आणि मी कॅसेट थांबवली नाही. दिवाळीनंतर आजी गेल्या. ती मुलगी त्या वर्षी माझ्या तासाला पुन्हा उभी राहिली नाही.

त्यानंतर मात्र मी थांबत गेले. माझा पोर्शन मागे पडायचा, तासाची आखणी लिहायची टाचणवही तपासताना मला बोलणी बसायची. बाईंना नवं काही नको असतं, असंही ऐकलं. ते खरं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत मी व्हिडिओ दाखवत होते, आणि माझ्या तुकडीचा निकाल शेजारच्या तुकडीहून कधी खाली गेला नाही. तेव्हा कुणी विचारलं नाही, म्हणून आज तुला लिहून कळवते.

आठवीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांचा आहे. मौखिक, दृक्-श्राव्य, सगळी साधनं त्यात आहेत. तू तो जूनमध्ये दोन तासांत संपवलास आणि बाजूला ठेवलास. तोच पाठ वर्षभर चालवायचा आहे. प्रत्येक व्हिडिओ आदल्या रात्री दोनदा बघ, एकदा आवाज बंद करून. कितव्या मिनिटाला थांबणार ते टाचणात लिही. पहिला आठवडाभर मुलं "सर, चालू करा ना" म्हणून ओरडतील. ओरडू देत. दोन आठवड्यांनी रिमोट त्यांच्याच हातात दे. ज्याला शंका येईल त्यानं थांबवायचं.

बुधवारी चौथा तास आठवी ब वर आहे म्हणालास. पानशेतचाच व्हिडिओ लाव. मंगळवारी मुलांना सांग, १९६१ साली घरातलं कुणी पुण्यात होतं का ते विचारून या. नसेल तर शेजारी विचारा. मी मागच्या बाकावर येऊन बसते, मध्ये बोलणार नाही. मुख्याध्यापिकांना तेवढं विचारून ठेव.

तुझ्या बाई