बँकेत जायचंय? मग आधी ताळेबंद वाचायला शिका

काटोलहून एसटीने रोज नागपूरला ये-जा करून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकतेय. क्लासवाले म्हणतात, कॉलेजचं काहीच बँकेच्या परीक्षेत येत नाही, पास होण्यापुरतं वाच. हे खरं आहे का?

परीक्षेपुरतं बरंचसं खरं आहे. आयबीपीएस ही संस्था सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेते. तिच्या पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे अधिकारी पदाच्या) पूर्वपरीक्षेत एका तासात १०० प्रश्न सोडवायचे असतात, आणि ते इंग्रजी, गणित आणि बुद्धिमत्तेचे. अकाउंट्सचा त्यात एकही नाही. पण निवड झाल्यावर कर्ज विभागाच्या टेबलावर तुझ्यासमोर काय येतं, ते बघ.

समज, इतवारीतला कापडाचा व्यापारी कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेत राहून लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज, मागायला आलाय. वर्षाची उलाढाल १ कोटी २० लाख. रिझर्व्ह बँकेने छोट्या उद्योगांच्या कर्जासाठी नेमलेल्या नायक समितीच्या सूत्राने बँक उलाढालीच्या २० टक्के, म्हणजे २४ लाखांची मर्यादा मंजूर करते आणि ५ टक्के व्यापाऱ्याने स्वतःचे घालायचे. आता महिनाअखेरीचं स्टॉक स्टेटमेंट आलं. दुकानात माल ४० लाखांचा, त्यातले १० लाख सुरतवाल्याला द्यायचेच आहेत. म्हणजे पैसे चुकवलेला माल ३० लाखांचा. त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे व्यापाऱ्याने स्वतः सोसायचा वाटा, वजा केलं की उरले साडेबावीस लाख. मंजुरी २४ लाखांची असली तरी या महिन्यात त्याला साडेबावीस लाखांपर्यंतच उचलता येतात. यालाच ड्रॉइंग पॉवर म्हणतात.

हिशोब सोपा आहे. पण त्याने द्यायची देणी लपवली असतील किंवा जुना, न खपणारा माल फुगवून दाखवला असेल, तर ते ओळखायला ताळेबंद वाचता यावा लागतो. तेच तुला दुसऱ्या वर्षाला शिकवतात. म्हणून कॉलेज सोडू नकोस. सकाळचे दोन तास गणित-बुद्धिमत्तेला दे, आणि उन्हाळ्यात धंतोलीतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात पगाराची अपेक्षा न ठेवता दोन महिने काम कर. जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून ताडून बघायला मिळालं, तर ते कुठल्याही क्लासपेक्षा जास्त कामाचं.

मी उमरेडचा, मराठी माध्यमातून शिकलो. घरी कापूस-सोयाबीनची शेती आहे. इंग्रजीला घाबरतो. क्लार्कची परीक्षा देऊ की पीओची?

वय बसत असेल तर दोन्ही दे. क्लार्कसाठी २० ते २८, पीओसाठी ३० पर्यंत. क्लार्कची परीक्षा, इंग्रजीचा भाग सोडला तर, मराठीतूनही देता येते. तिथे मुलाखत नसते. स्थानिक भाषेची चाचणी असते, पण मराठी माध्यमातून शिकलेल्याला तिची भीती नको. पीओच्या मुख्य परीक्षेत मात्र इंग्रजीतून निबंधासारखं लेखन करावं लागतं. त्यासाठी आजपासून रोज एक पान लिही आणि कुणाकडून तरी तपासून घे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापला जातो, हेही लक्षात ठेव.

आणि शेतीचं ज्ञान कमी लेखू नकोस बाप्पा! साध्या कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत (अनुत्पादक), होतं. कापूस-सोयाबीनसारख्या पिकाच्या कर्जाला मात्र दोन हंगामांची मुदत असते. हा नियम शहरातली मुलं पाठ करतात. पहिली वेचणी कधी येते, तिचा पैसा आधी कुठे जातो, सोयाबीन पावसात भिजलं की भावाचं काय होतं, हे तुला घरातच कळलंय. बँकांना एकूण कर्जातला ठरावीक वाटा शेतीला द्यावाच लागतो, आणि शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा अधिकारी विदर्भातल्या शाखांना हवाच आहे.

मुलगी बी.कॉम. झाली. सरकारी बँकेसाठी एमबीए फायनान्स लागतं का? दहा लाखांचं कर्ज काढावं का? (नंदनवनातले एक वडील)

पीओसाठी कोणत्याही शाखेची पदवी पुरते. तेवढ्यासाठी दहा लाख काढू नका. मोठ्या कंपन्यांची कर्जं, ट्रेझरी (बँकेचा स्वतःचा पैसा गुंतवणारा विभाग) अशा कामात तिला जायचं असेल तर एमबीएचा उपयोग आहे. मग कॉलेजला पॅकेज नंतर विचारा, आधी विचारा की मागच्या वर्षीच्या मुलांना कामं कोणती मिळाली. नागपूर विद्यापीठाच्या स्वतःच्या व्यवस्थापन विभागाची फीही आधी बघून घ्या. शैक्षणिक कर्ज थकलं तर ते तिच्या नावावर दिसतं, आणि बँका नेमणुकीच्या वेळी उमेदवाराची कर्जफेड तपासतात.

पदवीला ६० टक्के असतील तर रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी परीक्षा तिला सुचवा. दुसऱ्या टप्प्यात वित्त व व्यवस्थापन आणि आर्थिक-सामाजिक प्रश्न असे पेपर असतात. तिथे कॉमर्सचा अभ्यास सरळ कामाला येतो.

एमबीए करून खासगी बँकेत लागलो, पण काम विमा विकायचं. टार्गेटसाठी म्हाताऱ्यांच्या एफडी मोडायला सांगतात. नोकरी सोडू का?

एफडी मोडून विमा गळ्यात मारायला ठाम नकार द्या, आणि तो ईमेलवर द्या. त्या ठेवीवर कुणाचं तरी औषधपाणी चाललेलं असतं. मात्र राजीनामा लगेच देऊ नका. क्रेडिट किंवा ऑपरेशन्समध्ये बदली मागा आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या जेएआयआयबीला बसा. चार पेपर आहेत, आणि ही परीक्षा बँकेत नोकरीला असलेल्यांनाच देता येते. तेवढ्यासाठी तरी नोकरी टिकवा आणि पुढच्या सत्राची नोंदणी आधी करून टाका.