बॅटरीचं बघूच, पण आधी इन्शुरन्स भरा

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, खतं-औषधं विकणाऱ्या कंपनीत फिरतीची नोकरी, पगार हातात ३४ हजार. घरी बायको, दोन मुलं आणि आई. तासगाव, कवठेमहांकाळ, जत अशी रोजची सत्तरेक किलोमीटरची रपेट. गाडी १५० सीसीची, २०१८च्या दिवाळीत घेतलेली, ९२ हजार किलोमीटर पळालेली. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"कंपनीची बॅटरी चार वर्षं चालली. त्यानंतर तीन टाकल्या, त्यातल्या दोन फुगल्या. हेडलाइटचा बल्ब सारखा उडतो. मेकॅनिक म्हणतो गाडी दमली, काढून टाका. शोरूमवाला जुनीचे २० हजार देतोय. नवी ऑन-रोड १ लाख ३० हजार. ९० हजार कर्ज, १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं. वरचे २० हजार पॉलिसीवर कर्ज काढून भरीन. जीएसटी उतरलाय, तर घेऊन टाकू का? जुनीचा इन्शुरन्स २०२३ला संपला, विकायचीच आहे म्हणून भरला नाही. पॉलिसी साडूंकडून घेतलीय, वर्षाला ४८ हजार, २० वर्षं, सहा हप्ते झाले. कव्हर ८ लाख, शेवटी २२ लाख मिळणार, त्यामुळे पुढची काळजी नाही."

प्रश्न गाडीचा आहे. माझं डोकं मात्र इन्शुरन्सच्या वाक्यावरच अडकलं.

हे कसं झालं असेल याचा अंदाज येतो. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) सक्तीचा झाला. तुमची गाडी दिवाळीतली, म्हणजे पाच वर्षांचे पैसे शोरूममध्येच भरले गेले. पाच वर्षं कुणी आठवण केली नाही आणि विमा संपला तेव्हा गाडी विकायचं मनात होतं. पण ती विकली गेली नाही. तुम्ही तिच्यावर रोज सत्तर किलोमीटर जाताय, तेही बाजाराच्या दिवशी जतच्या रस्त्यावर.

पोलिसाने धरलं तर पहिल्या वेळी २ हजार, पुन्हा सापडलात तर ४ हजार दंड. कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पण दंडाचं सोडा. समजा, रस्ता ओलांडणारा ३० वर्षांचा माणूस तुमच्या गाडीखाली आला आणि दगावला. भाजीचा धंदा, महिना २० हजार कमाई, घरी बायको आणि दोन मुलं. अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं ते बघा. वर्षाचे २ लाख ४० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के भर, झाले ३ लाख ३६ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, राहिले सव्वादोन लाखांच्या आसपास. त्याच्या वयाला गुणक १७. झाले ३८ लाख. विमा असेल तर हे पैसे कंपनी देते. नसेल तर तुम्ही द्यायचे. दिले नाहीत, तर जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी वसुली कलेक्टरकडून होऊ शकते. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर याचा अर्थ मी समजावून सांगायला नको.

आणि हे टाळायला किती लागतात? १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये, जीएसटी धरून ८४३. एका बॅटरीपेक्षाही कमी! मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे. गाडीची किंमत आता वीस हजार, त्यामुळे 'फुल' इन्शुरन्सच्या फंदात पडू नका, नुसता थर्ड पार्टी घ्या. त्याच फॉर्मवर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, काही शे रुपयांत. त्यावर टिक करा. पीयूसीही संपलेली असणार, तीही काढा. हे वाचून झालं की लगेच. उद्या सकाळी गाडीला किक मारायच्या आधी पॉलिसीचा कागद मोबाइलमध्ये हवा.

आता साडूंची पॉलिसी.

कव्हर ८ लाख. उद्या तुम्हाला काही झालं आणि वहिनींनी ते ८ लाख बँकेत ठेवले, तर व्याज महिन्याला साडेचार हजार येईल. घरात आज ३४ हजार येतात. मुलं शाळेत, आई म्हातारी. साडेचार हजारांत किराणाही निघणार नाही. वर्षाला ४८ हजार विम्याच्या नावाखाली जातात आणि विमा म्हणून घरच्यांच्या हाती जवळजवळ काहीच पडत नाही. असला माल खपवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तो आपल्याच माणसाने खपवला म्हणून राग कमी होत नाही, वाढतो.

बावीस लाखांचंही बघू. ४८ हजार दरवर्षी, २० वर्षं, म्हणजे खिशातून जाणार ९ लाख ६० हजार. अशा पॉलिसीत साधारण ५ टक्के सुटतात. त्या हिशेबाने शेवटी १६-१७ लाख. २२ लाख व्हायला सव्वासात टक्क्यांहून जास्त सुटले पाहिजेत, म्हणजे पीपीएफच्या ७.१ टक्क्यांपेक्षाही जास्त, शिवाय विम्याचा खर्च वेगळा. पॉलिसी घेताना तुमच्या सहीचा 'बेनिफिट इलस्ट्रेशन' नावाचा कागद झाला असेल. त्यावर ४ टक्के आणि ८ टक्के अशा धरून चाललेल्या परताव्याचे दोन रकाने असतात. साडूंनी कुठल्या रकान्यावर बोट ठेवलं होतं, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. आणि बावीस लाख खरेच मिळाले असं धरलं, तरी ते चौदा वर्षांनंतरचे आहेत. महागाई ६ टक्के धरली तर आजचे साडेनऊ-दहा लाख.

मग करायचं काय? क्रम महत्त्वाचा आहे, उलटा करू नका. आधी ७५ लाखांचा शुद्ध टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे, नाहीतर काही नाही), वयाच्या साठीपर्यंतचा. तुमच्या वयाला वर्षाला दहा ते तेरा हजार पडतील. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, जीएसटीचा आनंद घ्यायचाच असेल तर इथे घ्या. तंबाखू, मावा, सिगारेट यातलं काही चालत असेल तर फॉर्मवर लिहा. हप्ता बराच वाढेल, वाढू द्या. लपवाल आणि पहिल्या तीन वर्षांतच काही झालं, तर कंपनी ते उकरून काढेल आणि उत्तरं द्यायला तुम्ही नसाल. वैद्यकीय तपासणी होऊन टर्मची पॉलिसी हातात पडेपर्यंत साडूंच्या पॉलिसीला हात लावायचा नाही.

ती हातात आली की जुनीचे हप्ते बंद करून तिला पेड-अप करा. २० पैकी ६ हप्ते भरलेत, म्हणजे कव्हर ८ लाखांवरून २ लाख ४० हजारांवर येईल, जमा झालेला बोनस राहील आणि मुदत संपल्यावर पैसे मिळतील. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर भरलेल्या २ लाख ८८ हजारांतले आज साधारण निम्मे, बोनसचं धरून थोडे जास्त हातात येतील. ते पीपीएफमध्ये टाकले तरी चौदा वर्षांनी येणारी रक्कम पेड-अपच्या आसपासच जाते. मग मी पेड-अप म्हणतो. तुमचं पत्र वाचल्यावर दीड लाख तुमच्या हातात द्यायची माझी तयारी नाही, ते थेट शोरूमला जातील. दोन्हींचे पक्के आकडे मात्र शाखेत जाऊन लेखी घ्या, साडूंच्या तोंडचे नकोत.

साडूंना काय सांगायचं, हा खरा अवघड भाग. 'टर्म तुमच्याकडूनच घेतो, पण नुसती टर्म' असं सांगून बघा. त्यांनी मन लावून कोटेशन आणलं तर घ्या त्यांच्याकडून, काही बिघडत नाही. 'टर्ममध्ये पैसे बुडतात हो' असं म्हणाले तर चहा घेऊन विषय बदला आणि ऑनलाइन घ्या.

तोवर बँकेत जाऊन प्रधानमंत्री जीवन ज्योती (वर्षाला ४३६ रुपये, २ लाख) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये, अपघाताचे २ लाख) या दोन्हींचे फॉर्म भरा. हे पुरेसं नाही, पण टर्म हातात येईपर्यंत काहीतरी हवं.

आता गाडी. मी मेकॅनिक नाही, पण फिरतीवरच्या माणसांचे गाडीखर्चाचे हिशेब इतके पाहिलेत की एवढं कळतं: बॅटरी फुगते आणि बल्बही उडतात, तेव्हा बॅटरी कमी चार्ज होत नसते, जास्त होत असते. गाडी दमली की बॅटरी फुगते हे नवीनच ऐकतोय.

दोन-तीनशेचा मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी १२.६च्या आसपास हवं. इंजिन चालू करून रेस तीन-चार हजार आरपीएमवर धरा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर पुन्हा बघा. १३.५ ते १४.५ असेल तर चार्जिंग ठीक. १५च्या वर जात असेल तर आरआर युनिट गेलंय, म्हणजे तो रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलमधून येणारा करंट आवरून बॅटरीला देणारा डबा. तो करंट आवरत नाही म्हणून बॅटरीतलं पाणी उकळून जातं, कवच फुगतं आणि बल्ब उडतात. तुमची लक्षणं तीच दिसतात. बसवणावळीसकट हजार ते दीड हजार. त्याच वेळी त्याची अर्थिंगची वायर आणि कपलर (वायरी जोडणारा प्लग) बघायला सांगा. कपलर जळून काळा पडला असेल तर नवीन युनिटही टिकणार नाही.

आकडा साडेबारावरच अडकला तर उलटी गोष्ट, कॉइल किंवा तिच्या पिवळ्या वायरींचं जोडकाम. आणि आकडा बरोबर असूनही सकाळी सेल्फ उचलत नसेल, तर मागाहून बसवलेला एलईडी, डबल हॉर्न, मोबाइल चार्जर यातलं कुणीतरी रात्रभर बॅटरी पीत असतं. मेकॅनिकने चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून 'बघा, गाडी चालते' असा प्रयोग केला तर त्याला थांबवा. त्या झटक्यात सीडीआय (इंजिनला ठिणगी देणारा डबा) उडू शकतो आणि तो बॅटरीपेक्षा महाग आहे. तुमच्या मेकॅनिकने तीन बॅटऱ्या विकल्या आणि एकदाही मीटर लावला नाही. वायरिंगचं काम करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

९२ हजार किलोमीटरला चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, थोडंफार इंजिनचं काम निघेल. सगळं धरून दहा-बारा हजार. नव्या गाडीचा हिशेब: ९० हजारांवर १० टक्के फ्लॅट, म्हणजे तीन वर्षांचं व्याज २७ हजार, हप्ता ३,२५०. फ्लॅट १० टक्के म्हणजे खरा दर १८च्या आसपास, कारण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं आणि व्याज मात्र पूर्ण ९० हजारांवर लागत राहतं. शिवाय पॉलिसीवरचं कर्ज वेगळं. जीएसटी २८वरून १८वर आला हे खरंय, पण ती सूट या व्याजातच परत जाते.

पत्रात पुढे तुम्ही हेही लिहिलंय की कंपनी किलोमीटरला साडेतीन रुपये देते. महिन्याला १,७५० किलोमीटर, म्हणजे सहा हजार. पेट्रोल चार हजारांचं. उरलेले दोन हजार गाडीच्या झिजेचे असतात, तुम्ही ते घरखर्चात टाकता. पुढच्या महिन्यापासून त्यांची आरडी लावा. दोन वर्षांत व्याज धरून पन्नास हजार होतील. तेव्हा गाडी खरंच दमली असेल तर घ्या नवी. कर्ज बरंच कमी लागेल, आणि तेव्हा 'फ्लॅट' म्हणणाऱ्याला 'रिड्यूसिंग (उरलेल्या मुद्दलावरचा दर) किती?' एवढंच विचारा.

जुनी तेव्हा एक्स्चेंजला द्याल, तर २० हजारांच्या खुशीत आरसी विसरू नका. शोरूमवाला ती पुढे कुणाला तरी विकतो आणि कागद महिनोन्महिने तुमच्याच नावावर राहतो. त्या काळात अपघात झाला तर नोंदणीकृत मालक म्हणून नोटीस तुम्हालाच येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये तसं स्पष्ट केलंय. नाव बदलल्याची आरसीची प्रत हातात येईपर्यंत त्या गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू ठेवा.