आवक क्रमांक

परळ, रविवार रात्र

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. मैदानाचं आरक्षण बदलू नये म्हणून चालवलेला तुमचा हॅशटॅग दुपारभर वर होता, आणि संध्याकाळी क्रिकेटच्या मॅचने तो गिळला. कुठे चुकलं, असं विचारतेस. फारसं नाही चुकलं. हाक नेमकी कोणाला मारायची, तेवढं ठरवायचं राहिलं.

२०१५ साली तू शाळेत असशील. इंटरनेट सगळ्यांना सारखं मिळावं की कंपन्यांनी काही साइटना झुकतं माप द्यावं, यावर दूरसंचार क्षेत्राच्या नियामकाने, म्हणजे ट्रायने, वीस प्रश्नांचं एक जाडजूड टिपण काढलं आणि लोकांची मतं मागवली. ते वाचणार कोण? कार्यकर्त्यांनी वीसही प्रश्नांची उत्तरं लिहून तयार ठेवली, आपल्या मुंबईच्या एआयबी या विनोदी गटाच्या पोरांनी हसवत हसवत समजावणारा व्हिडिओ केला, आणि मुदतीच्या आत दहा लाखांवर ईमेल जाऊन पडले. ट्रायने पुढे ते ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले, हा भाग वेगळा. तुमच्या त्या गुगल फॉर्ममध्ये लोकांचे फोन नंबर कशाला घेतलेत, ते मला भेटल्यावर सांग.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात फेसबुकने तोच डाव आपल्या बाजूने टाकला. ‘फ्री बेसिक्स’साठी, म्हणजे मोजक्याच साइट फुकट दाखवणाऱ्या त्यांच्या योजनेसाठी, पानपानभर जाहिराती, आणि फेसबुक उघडलं की ट्रायला पाठवायचं पत्र समोर तयार. लाखो लोकांनी बटण दाबलं. पण ट्रायने विचारलं होतं एक आणि पत्रात होतं भलतंच. ट्रायने कंपनीला तसं सुनावलं, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी साइट पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. निव्वळ ईमेलमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. पण लाख दोन्हीकडे होते. विचारलेल्याचं उत्तर एकाच बाजूने दिलं होतं.

सरकारच्या हातातली हत्यारंही माहीत असू देत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली पोस्ट किंवा अख्खं अकाउंट बंद करता येतं, आणि २००९ च्या नियमांनुसार ती कारवाई गोपनीय ठेवायची असते. म्हणजे भांडायचं तर आदेशाचा कागदच हाती नाही. २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या चार ओळींपायी दोन मुलींना अटक झाली. त्या अटकेत लावलेलं याच कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. मग २०२३ च्या नियमांत आलं की केंद्राच्या कारभाराबद्दल खरं काय नि खोटं काय, हे केंद्राचंच पथक ठरवणार. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतर काही जण त्याविरुद्ध आपल्या फोर्टातल्या उच्च न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद तिथे पडली.

मला मात्र बंदीपेक्षा गलबल्याची धास्ती जास्त. चीन सरकारची माणसं सामान्य नागरिकांच्या नावाने वर्षाला सुमारे ४५ कोटी पोस्ट टाकतात, असा अंदाज अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये मांडला. गंमत म्हणजे त्या पोस्ट टीकाकारांशी वाद घालतच नाहीत. देशाचं कौतुक, जुन्या हुतात्म्यांच्या आठवणी, असलं काहीतरी भरत राहायचं, की लोकांचं लक्ष आपोआप सरकतं. तुमची मॅच खरीच होती, संशय घेऊ नकोस! पण तुमच्या पोस्टखाली ‘तेव्हा कुठे होता?’ विचारणाऱ्या त्या पाचसहा जणांना रात्री दोनपर्यंत उत्तरं देत बसलीस, ती वेळ कोणाच्या कामी आली?

माझी एक फजिती सांगतो. हिंदमाताला तुंबलेल्या पाण्याचा एक फोटो मी ‘आजचा’ म्हणून ग्रुपवर टाकला. निघाला तीन वर्षांपूर्वीचा. नाल्यांबद्दलचं आमचं बाकी सगळं म्हणणं खरं होतं, पण पुढचे दोन महिने चर्चा त्या फोटोचीच. तेव्हापासून फोटो कोणी, कधी, कुठे काढला हे कळल्याशिवाय मी पुढे ढकलत नाही. तूही ढकलू नकोस.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाल मोर्चा आठवतो? सोललेल्या तळव्यांचे ते फोटो मोबाईल-मोबाईलवर फिरले. पण आधी सुमारे १८० किलोमीटर चालणं झालं होतं. दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून सोमय्या मैदानातून ते रातोरात आझाद मैदानात आले, आणि तो रात्रीचा निर्णय मुंबईला फोटोंइतकाच भिडला. लोक पाणी, पोहे, चपला घेऊन धावले. आणि सरकारने लेखी दिलं तेव्हाच मोर्चा उठला.

तुमच्या मैदानाच्या नोटिशीवर हरकती-सूचनांची मुदत छापलेली असेल, ती आधी बघ. हॅशटॅगखाली जमलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत एक हरकत लिहायला लाव: मी इथे कधी खेळलो, आई संध्याकाळी इथे किती फेऱ्या मारते, जवळ दुसरं मैदान किती लांब आहे. एकच मजकूर शंभर जणांनी चिकटवू नका. कागद टपाल खिडकीवर द्या, पोच घ्या, आवक क्रमांकाचा शिक्का उमटल्याशिवाय हलू नका. मग त्या शिक्क्यांचे फोटो टाका हवे तेवढे.

गुरुवारी सातनंतर मी घरी आहे. मसुदा घेऊन ये. छापून आण, मोबाईलवरचं बारीक अक्षर मला आता दिसत नाही.

तुझा,
काका