मटेराझीच्या कोपराखालचा माणूस

प्रश्न : मिलानच्या मैदानावर धूर पसरलाय आणि इंटरचा मटेराझी शेजारच्या खेळाडूच्या खांद्यावर कोपर टेकून बघत उभा आहे, तो फोटो मी छापून भिंतीवर लावलाय. मुलगा विचारतो, तो दुसरा कोण? आमच्या तालमीतला एक जण म्हणतो, पोर्तुगालचा आहे, पैसा सोडून आपल्या जुन्या संघात परत गेला. खरं का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तो रुई कोस्टा, तेव्हा मिलानचा खेळाडू. मिलान आणि इंटर हे एकाच शहरातले दोन फुटबॉल क्लब. फोटो 12 एप्रिल 2005 चा. इंटरच्या प्रेक्षकांनी पेटत्या नळकांड्या फेकल्या, त्यातली एक मिलानचा गोलकीपर दिदा याला लागली आणि सामना तिथंच थांबला.

तुमचा दोस्त सांगतो ते खरं, पण अर्धंच. तो परत आला हे सगळे सांगतात. गेला कसा, ते विचारा.

पोरगा लिस्बनला खेटून असलेल्या अमाडोराचा, लहानपणापासून लिस्बनच्या बेनफिका क्लबचा. मध्ये एक वर्ष फाफे नावाच्या छोट्या संघाला उसना दिला होता. 1991 मध्ये 20 वर्षांखालच्यांचा विश्वचषक पोर्तुगालमध्येच झाला. फायनल ब्राझीलशी, बेनफिकाच्याच मैदानावर, लाखाच्या वर माणूस. गोल एकही नाही. शेवटची पेनल्टी यानं मारली आणि कप घरात ठेवला. 1994 ला बेनफिका लीग जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात हा इटलीत फ्लॉरेन्सच्या फिओरेंटिना क्लबला विकला गेला, कारण क्लबची तिजोरी रिकामी. वय 22. दोन वर्षांनी फिओरेंटिनाकडून त्याच मैदानावर मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला, बेनफिकावर गोल केला आणि रडला.

फ्लॉरेन्समध्ये सात वर्षं. गोल मारणाऱ्या बातिस्तुताला पास द्यायचे आणि आपण मागं राहायचं, असा त्याचा खेळ. इटालियन कप दोनदा. मग 2001 मध्ये तो क्लबही कर्जात. रुई कोस्टा मिलानला, गोलकीपर तोल्दो इंटरला. एवढं विकूनही पुढच्या वर्षी फिओरेंटिनाचं दिवाळं निघालंच. म्हणजे दोनदा दुसऱ्यांची देणी भागवायला हा माणूस बाजारात उभा केला.

मिलानकडे 2003 ला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा मोठा कप, आणि 2004 ला इटलीची लीग. पण 2003 मध्येच काका नावाचा ब्राझीलचा खेळाडू आला आणि याची जागा हळूहळू बाकावर गेली. 2006 ला, वयाच्या 34 व्या वर्षी, तगड्या पगारावर पाणी सोडून बेनफिकात परतला. दोन हंगाम खेळला. संघ एकदा तिसरा, एकदा चौथा. आणि इकडं मिलाननं 2007 च्या मे महिन्यात पुन्हा चॅम्पियन्स लीग जिंकली! 2008 ला बूट काढले, क्लबच्या कचेरीत बसला आणि 2021 पासून अध्यक्ष.

माझा राग मात्र अजून बर्लिनवर आहे. सप्टेंबर 1997, विश्वचषकाची पात्रता फेरी, पोर्तुगाल जर्मनीत 1–0 नं पुढं. याला बदलायचं ठरलं, हा जरा रमतगमत बाहेर निघाला, तर फ्रेंच पंच बाता यांनी दुसरं पिवळं कार्ड दाखवून सरळ घालवलाच. मग याच्या जागी दुसरा आणायची सोयही गेली. दहा जणांवर जर्मनीनं बरोबरी साधली आणि पोर्तुगाल 1998 च्या विश्वचषकाला मुकला. वेळ खाणारे अकरा-अकरा जण मी बघितलेत, कुणाला असं काढलेलं नाही.

2004 ची युरो, युरोपातल्या देशांची स्पर्धा, आठवते? इंग्लंडविरुद्ध जादा वेळेत, आपल्याकडं रात्रीचे अडीच वाजलेले, यानं लांबून असा काही हाणला की मी ओरडलो आणि शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या. थोड्या वेळानं त्यानंच पेनल्टी बारवरून आभाळात घातली. जिंकला पोर्तुगाल, पण फायनलला ग्रीसनं हरवलं, आणि देशाकडून तो त्याचा शेवटचा सामना.

मुलाला नाव सांगताना मारुतीच्या माळेतली रुई म्हणा. लिस्बनमध्येही जवळपास तसंच म्हणतात.