दारात आलेलं सरकार

प्रश्न : ताई, कोरोनात सरकारनं काम चांगलं केलं की नाही, यावरून आमच्याकडे अजून भांडणं होतात. थोरला भाऊ २०२० च्या गणपतीला मुंबईहून आला, त्याला शाळेत ठेवलं. तो सरकारचं नाव काढू देत नाही. आई म्हणते, सरकार होतं म्हणून आपण वाचलो. खरं कुणाचं?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दादा, मी तेव्हा उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, म्हणून या भांडणाच्या दोन्ही बाजूंना माझे हात लागलेत. तुमच्या आईकडे सरकार आलं ते आशाताईच्या रूपात. बोटाला ऑक्सिमीटर लावून, ‘काकी, जेवण जातंय ना?’ असं विचारत. भावाला भेटलं ते ई-पास, नाका आणि शाळेचं कुलूप.

त्या गणपतीत आमच्या गावानं चाकरमान्यांना १४ दिवस विलगीकरण ठरवलं होतं. मग वरून आदेश आला, १० दिवस. शाळेच्या पायरीवर एकानं मला विचारलं, ‘बाई, चार दिवसांत रोग बदलला काय?’ मी म्हटलं, ‘आदेश आहे.’ तेव्हा माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. ‘रोग नवा आहे, आम्हीही रोज शिकतोय,’ एवढं तरी सांगायला हवं होतं. पुढच्या वर्षी लशीच्या वेळी तो माणूस आला नाही. आशाताई तीनदा त्याच्या खळ्यात जाऊन बसली, तेव्हा आला. माझ्या त्या दोन शब्दांची किंमत तिनं पायपिटीनं भरली, असं मला आजही वाटतं.

२०२० मध्ये महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा. मुंबईत आलेली प्लेगची साथ पुण्यात पोचली, त्या वर्षीचा. रुग्णाला वेगळं ठेवणं ही गोष्ट मुळात चुकीची नव्हती. पण पुण्यातला इंग्रज प्लेग अधिकारी रँड, त्याच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत, पार देवघरापर्यंत शिरले, सामान बाहेर काढून जाळलं, माणसं उचलून छावणीत नेली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं ते १८९८ मध्ये दाखवलं. लोकांच्या मनात राहिला तो अपमान. १८९७ च्याच २२ जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रुग्णांना आपल्या मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात नेत होत्या. त्याच वर्षी १० मार्चला त्या प्लेगनंच गेल्या. रुग्ण तर त्याही घराबाहेरच नेत होत्या, दादा.

म्हणून भावाला ‘तुला जगवलं तरी तक्रार करतोस’ असं म्हणू नका. शाळेतल्या त्या दहा दिवसांत त्याच्याशी कोण काय बोललं, रात्री जेवण कोण आणून देत होतं, हे त्याला एकदा आईसमोर विचारा. तिनं ते कधी ऐकलं नसेल.