रिपासिंग झालेली २०१० ची स्प्लेंडर घाटात न्यावी का?

तुम्ही विचारलंय, की २०१० ची स्प्लेंडर आरटीओत पास झाली, पुढच्या पाच वर्षांचं आरसी हातात आलं, तर आता बायकोला मागे बसवून पुण्याहून महाबळेश्वरला जायला हरकत नाही ना? जा की. फक्त 'पास झालीये' एवढ्या भरवशावर जाऊ नका.

माझ्याकडे वडिलांची २००७ ची स्प्लेंडर आहे. २०२२ मध्ये तिचं रिपासिंग, म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण, केलं. फी नुकतीच ३०० ची १,००० झाली होती, शिवाय पर्यावरण कर, त्यामुळे एवढे पैसे मोजल्यावर गाडी नीट तपासली जाईल असं मलाही वाटलं होतं. आरटीओच्या साहेबांनी चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहिला. हॉर्न वाजवा, इंडिकेटर लावा, हेडलाइट लावा, जरा पुढे जाऊन ब्रेक मारा. मारला, गाडी थांबली, सही झाली. पाच मिनिटं लागली असतील.

त्यानंतर पंधरा दिवसही झाले नव्हते. सासवडहून येताना दिवे घाट उतरत होतो आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर एकदम सैल होऊन मुठीला टेकला. वायर तुटली होती. मागचा ब्रेक रॉडवर चालतो, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, म्हणून डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवता आली. हातपाय कापायचे थांबल्यावर ती वायर बाहेर ओढून पाहिली. ब्रेकची वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ असतो. त्यातल्या दोन-तीन तारांची टोकं चकचकीत होती, म्हणजे नुकतीच तुटलेली. बाकी सगळ्यांची टोकं गंजून तपकिरी झालेली. त्या कधीच्याच तुटल्या होत्या. आरटीओत साहेबांसमोर गाडी थांबली ती या दोन-तीन तारांवर!

यात मी साहेबांना दोष देत नाही. वायर तुटते ती लिव्हरच्या खोबणीत, टोकाच्या गोळ्यापाशी. लिव्हर दाबून बॅटरीच्या उजेडात डोकावल्याशिवाय ते दिसत नाही, आणि मागे गाड्यांची रांग असताना कोण डोकावणार? ती तपासणी मुळात 'गाडी तीच आहे ना आणि आज नियमात बसते ना' एवढ्यापुरती. खाजगी दुचाकीला पहिली पंधरा वर्षं तर फिटनेससाठी कुणी बोलावतही नाही, नंतर पाच वर्षांतून एकदा. रोज वीस किलोमीटर धरले तरी पाच वर्षांत ३६,००० किलोमीटर होतात. तेवढ्यात लायनर (ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासणारे पट्टे), चेन, टायर सगळं बदलायला येतं, आरसी मात्र तेच राहतं. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासून घ्यावी लागते, आणि तिथे हँडलच्या बेअरिंगमधला खेळसुद्धा बघतात.

पीयूसीचं तर बोलायलाच नको. उभ्या गाडीचं इंजिन आयडलवर ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, बस्स. मागून निळा धूर येतोय, म्हणजे ऑइल जळतंय, हे लिहायला त्या कागदावर रकानाच नाही. तुमच्या गाडीच्या ब्रेकशी तर त्या कागदाचा काडीचा संबंध नाही.

तेव्हा तुम्हीच अर्धा तास काढा. आधी दोन्ही लायनर. ब्रेक दाबून धरा आणि चाकाजवळच्या ब्रेकच्या आर्मपाशी जो बाण आहे तो ड्रमच्या झाकणावरच्या खुणेपर्यंत पोचतोय का बघा. पोचत असेल तर लायनर संपलेत, नट आवळून भागणार नाही. पुढची वायर कशीही दिसत असली तरी नवीन टाका. आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग! हे सहसा कुणी बघत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने हळूहळू फिरवा. बरोबर मध्यावर बारीक खटका लागून हँडल अडल्यासारखं होत असेल, तर कोनसेट गेलाय. वर्षानुवर्षं सरळ चालवून गोळ्यांनी एकाच जागी खड्डे पाडलेले असतात. अशी गाडी सरळ रस्त्यावरही नकळत डुलते आणि आपण टायरला शिव्या देतो. मग मागचं चाक धरून आडवं हलवा. खटखट झाली तर स्विंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा चाकाची बेअरिंग गेलीये. टायरचं वय त्याच्या बाजूवरच छापलेलं असतं. शेवटचे चार आकडे २३१७ असतील तर तो २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. त्याची नक्षी कितीही शिल्लक असो, घाटात नेऊ नका.

एवढं झालं की महाबळेश्वरच्या आधी एखाद्या रविवारी दोघं मिळून जुना कात्रज घाट चढून उतरून या. एकट्याने ठीक वाटणारा ब्रेक डबलसीट उतारावर वेगळाच वागतो. उतरताना दुसरा गिअर, इंजिन चालूच. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात तर अजिबात नाही. खाली आल्यावर जळका वास येतोय का, मागचा पेडल आधीपेक्षा खोल जातोय का ते पाहा आणि ड्रमजवळ हात नेऊन बघा किती तापलाय. जवळ नेऊन फक्त, लावू नका. मी एकदा लावलाय.