अंतर्मुख स्वभाव आणि उपासनेनंतरचा एकटेपणा

चर्चमधील उपासना संपल्यावर सगळे गप्पांत रमलेले असताना आपण मागच्या दाराने निघून जाता, नंतर खोलीवर आल्यावर एकटेपणा जाणवतो, आणि हा स्वभाव म्हणजे आपल्या विश्वासातील उणीव तर नव्हे, असे आपण विचारले आहे. ती उणीव नाही.

नोकरीसाठी नगर जिल्ह्यातून मुंबईत आलो, तेव्हा पहिली दोन वर्षे मीही असाच निघून जात असे. लोकलमध्ये खांद्याला खांदा लागतो, तरी दिवसभरात नावाने हाक मारणारे कोणी भेटत नाही. त्या दिवसांत मला बायबलमधील पहिले राजे या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायाचा मोठा आधार वाटला. ईजबेल राणीच्या भयाने पळालेला संदेष्टा एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याच्यावर रागावत नाही. त्याला झोपू देतो आणि दूताकरवी दोनदा भाकर व पाणी देतो. पुढे होरेब डोंगरावर परमेश्वर वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत नसतो, तर त्यानंतर एक मंद वाणी ऐकू येते. आपल्यासारख्या अबोल माणसांसाठी याहून मोठा दिलासा मला ठाऊक नाही. मात्र आपण एकटेच उरलो आहोत, असे एलीया म्हणतो, ते देव मान्य करत नाही. बआल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले 7,000 जण इस्राएलात आहेत, असे तो सांगतो, आणि तरीही एलीयाच्या सोबतीला त्या 7,000 जणांचा मेळावा येत नाही. येतो तो शेत नांगरणारा एकटा अलीशा, जो पुढे त्याचा शिष्य होतो.

प्रभू येशूही पहाटे उठून प्रार्थनेसाठी एकांतात जात असे (मार्क 1:35), पण अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत मन व्याकूळ झाले तेव्हा त्याने पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना जवळ थांबून जागे राहण्यास सांगितले. म्हणून सोबत हवीशी वाटते याची लाज बाळगू नका.

मला माझी सोबत कामातून मिळाली. आमच्या मंडळीतील एक वयस्कर काका उपासनेनंतर गीतांची पुस्तके गोळा करून कपाटात लावत असत; मी त्यांना मदत करू लागलो. हात कामात असले की काय बोलावे हा प्रश्न उरत नाही, आणि गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नाही. तीन-चार महिन्यांनी त्यांनी मला घरी जेवायला बोलावले, आणि त्या घरी मी आजही जातो.

झोप आणि भूक बरेच दिवस उडाली असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. एलीयालाही देवाने आधी विश्रांती आणि अन्नच दिले होते. एरवी येत्या रविवारी मागच्या दाराकडे वळण्यापूर्वी, खुर्च्या किंवा पुस्तके कोण आवरते, एवढे पाहून ठेवा.